कस्टम करून घेतलेली पेडल स्टील विकायचीये, परत फॅक्टरी सेटअपला आणू की आहे तशीच देऊ?

आडवीतार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितोच. माझी डी-टेन विकायला काढतोय, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, पायाच्या पेडलने आणि गुडघ्याच्या लिव्हरने तारांचा सूर बदलणारी स्टील गिटार, दहा-दहा तारांचे दोन नेक, एक ई-नाइन ट्यूनिंगचा, दुसरा सी-सिक्सचा. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून उजव्या गुडघ्याने लिव्हर बाजूला रेटला की दहा मिनिटांत कळ यायला लागते, डॉक्टरांनी सरळ सांगितलंय की हा जोर बंद. त्यामुळे आता पेडल नसलेल्या ८ तारांच्या स्टीलवर वाजवतोय आणि ही कोपऱ्यात चादर टाकून उभी आहे, बघवत नाही.

घेतली तेव्हा साधी होती, ८ पेडल ४ लिव्हर, एमन्स सेटअप, म्हणजे ई-नाइनचे पेडल डावीकडून ए, बी, सी. त्यानंतर मी तिला पूर्ण माझ्या अंगाची करून घेतली. डाव्या घोट्याला जुनं फ्रॅक्चर आहे, तो बाहेरच्या बाजूला वळत नाही, म्हणून पेडलचा क्रम उलटा, सी, बी, ए असा करून डे सेटअप केला. उंच आहे म्हणून पाय आणि पेडल रॉड लांब बनवून घेतले, पावणेदोन इंच वर उचलली. ४ चे ६ लिव्हर केले, त्यातला एक व्हर्टिकल, बी च्या तारा अर्ध्या सुराने खाली आणणारा. चौथा पेडल सी-सिक्सकडून काढून ई-नाइनवर फ्रँकलिनसाठी (काही तारा एका सुराने खाली आणणारा पेडल) लावला. सी-सिक्सची पहिली तार जी ऐवजी डी. ई-नाइनचा सिंगल कॉइल पिकअप काढून हमबकर बसवला आणि त्याच्यासाठी लाकडाचा खाचा राउटरने मोठा केला, ते आता परत भरून येणार नाही. आणि समोरच्या पट्टीवर आईचं नाव शिंपल्यात जडवून घेतलंय. पहिलं वाद्य तिने घेऊन दिलं होतं.

जुने पाय, जुने रॉड, काढलेले बेलक्रँक (शाफ्टवरचे, तारेचा रॉड ओढणारे छोटे दांडे), मूळ पिकअप, सगळं एका डब्यात जपून ठेवलंय. तर हे सगळं परत मूळ जागी आणून विकावं की आहे तशी द्यावी? आणि नावाचं काय करू? एकजण म्हणाला पट्टी घासून नवीन पॉलिश मार, नाहीतर कोणी हात लावणार नाही. तेव्हापासून झोप नीट नाही.

चेंजरखाली

आधी पॉलिशचं बोलतो कारण ते एकदा झालं की संपलं. अजिबात घासू नका. समोरच्या पट्टीवर वाजवणाऱ्याचं नाव असणं ही या वाद्याची जुनी रीत आहे, दुसऱ्याचं नाव असलेली स्टील आनंदाने वाजवणारे लोक आहेत आणि ज्याला नको असेल तो पुढे स्वतः बघेल. घरी घासलेली पट्टी बाकीच्या बॉडीशी रंगाने कधीच जुळत नाही आणि मग बघणाऱ्याला पहिली शंका ही येते की काय लपवलंय.

आता सेटअप. मी बऱ्याच गिटारी उलट्या करून खालचं काम केलंय त्यावरून सांगतो, तुम्ही स्वतः परत फिरवू नका. लोकांना वाटतं एमन्स आणि डे म्हणजे फक्त पेडलची अदलाबदल, पण ए चा शाफ्ट ५ आणि १० नंबरच्या तारा ओढतो आणि सी चा शाफ्ट ४ आणि ५, म्हणजे दोन्ही शाफ्टवरचे बेलक्रँक काढून इकडचे तिकडे लावायचे, रॉड नव्या रेषेत आणायचे, मग रॉडच्या टोकाचा, तो बदल सुरात जुळवायचा प्रत्येक नायलॉन ट्यूनर परत सुरात. बी मधेच राहतो तेवढीच सुटका. वर डे सेटअपमध्ये डाव्या गुडघ्याचे ई वाले दोन लिव्हरही सहसा उलटे असतात, तुम्हीही तसेच केले असतील तर तेही आले. ऑल-पुल (सगळे बदल रॉड ओढून होणारी रचना) असेल तर दोनतीन संध्याकाळी जातात, पुश-पुल (काही ओढून, काही ढकलून) असेल तर विचारूच नका. एवढं करून तुमच्या हातात येणार काय तर घाईत जुळवलेली गिटार, आणि आत्ता आहे ती वर्षानुवर्षं वाजून बसलेली. घेणाऱ्याला एमन्स हवा असेल तर तो त्याच्या माणसाकडून करून घेईल, डबा तुमच्याकडे आहेच. तो डबा हीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, जाहिरातीत दुसऱ्याच वाक्यात लिहा.

आणि एक सांगू का, बदललेली गिटार म्हणजे बिघडलेली हा विचार या वाद्याला लागूच पडत नाही. बड आयझॅक्स या स्टील वादकाने १९५४ च्या हिट रेकॉर्डवर सूर वाजत असताना पेडल दाबून तो सरकवला, तेव्हा एकाच पेडलमध्ये दोन बदल होते. पुढे वाजवणाऱ्यांनीच ते दोन पेडलवर वेगळे केले आणि बडी एमन्स आणि जिमी डे यांनी आपापल्या पायाला जमेल तसा क्रम लावला, आज आपण त्यांच्याच नावाने दोन सेटअप ओळखतो. तुम्ही घोट्यासाठी केलंत ते काही वेगळं नाही.

फक्त लपवू नका. कोपेडंटचा, म्हणजे कुठला पेडल-लिव्हर कुठली तार किती बदलतो त्याचा चार्ट बनवा, दोन्ही नेक, प्रत्येक तार, प्रत्येक पेडल, प्रत्येक लिव्हर. डे सेटअप हा शब्द शीर्षकातच टाका. गिऱ्हाइकं कमी होतील पण जी येतील ती कामाची येतील.

नवव्या_तारेवर

दादांशी सहमत, मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. माझी सध्याची गिटार मी न बघता घेतली होती. विकणाऱ्याने लिहिलं होतं फुल्ली कस्टम, जबरदस्त कंडिशन, सोबत एक व्हिडिओ ज्यात तो दोन मिनिटं सुंदर वाजवतो. मी भुलले. घरी आल्यावर पाय लावले, ट्यूनर जोडला आणि सहाव्या तारेचा लोअर दाबून सोडला तर काटा परत मधे येईना, दर वेळी तार थोडी खालीच राहायची. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, तास दीड तास तेच एक तार छेड, दाब, सोड, बघ. शेवटी गिटार उलटी केली तर चेंजरच्या (तारा ओढून-सोडून सूर बदलणारा भाग) बोटांमध्ये जुनं तेल घट्ट होऊन गोंद झालेलं आणि रिटर्न स्प्रिंग तर ढिली पडलेली. साफ केलं, स्प्रिंग बदलली, आता ठीक आहे, पण महिनाभर मी त्या माणसावर मनातून चिडलेली होते आणि त्याला कदाचित माहीतही नसेल.

म्हणून कळकळीने सांगते, सुंदर वाजवलेला व्हिडिओ दुय्यम. एक कंटाळवाणा व्हिडिओ करा. ट्यूनर फ्रेममध्ये दिसला पाहिजे, एकेक तार, एकेक पेडल, एकेक लिव्हर, सावकाश दाबा, थांबा, सोडा, थांबा. मग फोन खाली जमिनीवर ठेवून तेच सगळं परत, रॉड आणि शाफ्ट हलताना दिसू देत. मला असा व्हिडिओ कोणी दिला तर मी वाटाघाट करणार नाही.

कॅबिनेट ड्रॉपही मोजून लिहा, चौथी तार मोकळी छेडायची आणि ए बी दोन्ही पेडल दाबायचे. त्या पेडलनी चौथ्या तारेला हातही लावलेला नसतो, तरी बॉडी वाकते म्हणून सूर किंचित उतरतो, तो किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरला ते सांगा. प्रत्येक गिटारवर थोडाफार असतोच. आकडा दिसला की माणूस निर्धास्त होतो.

आणि पाय लांब केलेत ते ठळक लिहा हो, माझ्यासारख्या बुटक्या बाईचा गुडघा लिव्हरपर्यंत पोचणारच नाही.

आठ_आणि_पाच

किमतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडं. लिव्हर, पिकअप, लांब पाय यांवर घातलेला पैसा किमतीत शोधू नका, तो तुम्ही वाजवून वसूल केलाय. त्याच मेकची, त्याच वयाची न बदललेली डी-टेन कितीला जाते ते बघा आणि तिथून सुरुवात करा. जास्तीच्या दोन लिव्हरने ती पटकन उचलली जाईल, विशेषतः व्हर्टिकल बऱ्याच जणांना हवा असतो. राउटर मारलेला खाचा मात्र थोडं खाली ओढणार, ते मान्य करून टाका आणि मूळ पिकअप सोबत आहे हे सांगा. पिकअप पॅन काढून त्या खाच्याचा एक जवळून फोटो टाकाच, कडा स्वच्छ असतील तर तो फोटोच तुमची बाजू मांडेल.

पाठवायची वेळ आली तर एक गोष्ट. आपल्या केसमध्ये गिटार पालथी बसते, खालची यंत्रणा वर, त्यामुळे उघडल्या उघडल्या पाय लावता येतात ते सोयीचं, पण प्रवासात तीच बाजू उघडी पडते. पाय, पेडल बार, रॉड केसमध्ये सुटे ठेवू नका. वेगळ्या खोक्यात. माझ्या ओळखीत एका गिटारचा उजवा लिव्हर आतल्या आत पायाच्या पाइपने वाकवलाय, बाहेरून केसला ओरखडासुद्धा नव्हता. लिव्हरच्या मधे फोम कोंबा, गिटार केसमध्ये हलता कामा नये. शक्य असेल तर पाठवूच नका, माणसाला बोलवा, बसवा, अर्धा तास वाजवू द्या आणि तुम्ही बाजूच्या खोलीत जा.

आडवीतार

सगळ्यांचे मनापासून आभार, नावाचं वाचून खरंच हलकं वाटलं. पट्टीला हात लावत नाही, आईचं नाव जाईल तिथे जाईल गिटारबरोबर.

काल रात्री भाच्याला हाताशी घेऊन बसलो, पेडल त्याने दाबले, ट्यूनर मी बघत होतो. चौथी तार ए बी ला ४ सेंट उतरते. सगळे बदल तपासले, एक सोडून सगळे परत जागेवर येतात. व्हर्टिकल कधी बरोबर उतरायचा कधी जास्तच, तर त्याचा स्टॉप स्क्रू सैल झालेला निघाला, तो आवळला, नंतर वीस वेळा दाबून बघितला, बी फ्लॅटवर जिथल्या तिथे थांबतो. ताई, एकेक तार, पेडल, लिव्हर, सगळं तुम्ही सांगितलं तसंच रेकॉर्ड करतोय, फोन खाली ठेवून पण. आणि हो, चेंजरखाली दादा, माझे ई चे लिव्हर उलटेच आहेत, ऑल-पुल आहे, तरी फिरवत नाही आता.

उद्या सकाळच्या उजेडात खालच्या बाजूचे आणि खाच्याचे फोटो काढतो. चार्ट आज रात्री इथेच टाकतो, ई-नाइनच्या बाजूला माझी कुठे गफलत झाली असेल तर जाहिरात टाकायच्या आधी सांगा.