किती नाद लागले, कुठला टिकला?

परवा माळा आवरताना कीबोर्ड, क्रोशाच्या सुया, अर्धवट राहिलेलं वारली आणि कराटेचा पिवळा पट्टा, सगळं एकाच पेटीत सापडलं. शेवटी हातात राहिलं ते भरतकाम, तेही चाळिशीत, लेकीच्या फ्रॉकचं भोक झाकायचं म्हणून. तुम्ही काय काय करून बघितलं? फजितीसकट लिहा.

—

शाळेत सगळे बसतात म्हणून चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसले. स्मरणचित्रात बाजार काढला होता, माणसं सगळी बटाट्यासारखी. 'सी' ग्रेड. पण अक्षरलेखनाचा पेपर संपूच नये असं वाटलेलं, ते तेव्हा कोणाला सांगितलंही नाही. मग गाणं झालं, कथक झालं, ट्रेकिंग झालं आणि पस्तिशीत मोडी लिपीच्या वर्गाला गेले. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि खाली अक्षरं लटकवत जायची, दोन शब्दांत जागाच नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही (मला तर स्वर्गच). आता रोज रात्री बोरू घेऊन बसते.

—

मी मिरजेत नोकरीला होतो तेव्हा हौसेनं सतार शिकायला लागलो. दोन वर्षं. बोटाला घट्टे पडले, मींड (तार खेचून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काही आली नाही, सर बिचारे कधी बोलले नाहीत पण मी वाजवायला घेतलं की चहा सांगायला उठायचे. सतार दुरुस्तीला सतारमेकर गल्लीत जायचो, तिथे एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असायचे. म्हणजे घोडी, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, कानसीनं जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. घोडीला किंचित उतार असतो, तार त्याला टेकत टेकत थरथरते म्हणून तो झणकार येतो, एक हात जास्त फिरला की आवाज मुका. मग तारेखाली सुताचा धागा केसभर मागेपुढे सरकवायचा आणि एका जागी तंबोरा असा काही बोलायला लागतो की बस्स. मी हाफ डे टाकून तिथे बसायला लागलो. पहिले चार महिने नुसतं ऐकायचं. चाचा विचारायचे "आला?" मी म्हणायचो आला, ते म्हणायचे "नाही आला." आजही मला वाजवता काही येत नाही पण ओळखीतले पाच-सहा गाणारे तंबोरे माझ्याकडेच आणतात. बायको विचारते, ज्वारी निवडून झाली का.

—

पॉटरी, गिटार, बेकिंग, बोन्साय. काहीच सापडलं नाही. बोन्साय मेलं. सध्या पोहायला जातो, तिथे टॅलेंट नसलं तरी चालतं.

—

कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला आमच्या एकांकिकेत मला तीन वाक्यं होती, तालमीत तीही विसरायचो, मग काढलं आणि लाइटला बसवलं. अपमानच वाटला होता. पण भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरीत ब्लॅकआउट एक श्वास उशिरा दिला, मुद्दाम, आणि अख्खं थिएटर गप्प. दिग्दर्शक खाऊ का गिळू, पण नंतरच्या सगळ्या एकांकिकांना डिमरवर मीच.

—

तंबोरावाले काका, आईचा तंबोरा दहा वर्षं कपाटावर पडलाय, तारा गंजल्यात. घेऊन येऊ का?

—

आणा की. भोपळ्याखाली गोधडी घाला फक्त, डिकीत टाकू नका.