तोंडी डीएनआर आणि 'हळू' सीपीआर: इन्चार्जने काय करायचं?

आयसीयू_परिसेविका:
राउंडला कन्सल्टंट सांगून जातात, "काही झालं तर सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) करत बसू नका." फाइलवर मात्र डीएनआरचं, म्हणजे सीपीआर करू नये या आदेशाचं, एक अक्षर नसतं. रात्री पेशंट कोलमडला की स्टाफ कात्रीत सापडतो, मग नातेवाइकांसमोर वरवर दाबल्यासारखं करायचं. मुली काही बोलत नाहीत, फक्त त्या बेडची ड्युटी टाळतात. वॉर्डाचा नियम म्हणून काय लिहून ठेवावं?

रात्रपाळी:
लेखी नाही तर फुल कोड, म्हणजे सीपीआरसकट सगळे प्रयत्न, हाच पहिला नियम. मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन, खोली ५ ते ६ सेंमी. 'हळू कोड', म्हणजे असं वरवर दाबणं, ही चक्क नातेवाइकांची फसवणूक, आणि उद्या चौकशी झाली तर नोट्सवर सही सिस्टरची असते.

हा वाद रात्री दोनला घालायचा नाही. ओव्हरच्या (ड्युटी सोपवण्याच्या) वहीत बेड नंबरशेजारी 'कोड' असा रकाना आखा: फुल / डीएनआर लेखी / चर्चा चालू. 'चर्चा चालू' असेल त्या बेडबद्दल सकाळी कन्सल्टंटना विचारायचं ते इन्चार्जने, ज्युनिअर स्टाफला पुढे करायचं नाही. "सर, लिहून द्या ना" म्हटलं की विषय टळतो. छापील फॉर्म फाइलला लावूनच पुढे ठेवा. तरी सही नाही झाली तर नोट्समध्ये एवढंच: "०९.४० डॉक्टरांना विचारले. लेखी आदेश नाही. फुल कोड." 'डॉक्टर ऐकत नाहीत' वगैरे शेरे नकोत. नंतर तेच अंगाशी येतात.

जुनी_मेट्रन:
इथे एक गल्लत नेहमी होते. डीएनआर म्हणजे फक्त सीपीआर करायचा नाही, एवढंच. सक्शन, कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, वेदनाशामक सगळं चालूच. लावलेला व्हेंटिलेटर काढणं हा वेगळा विषय: सुप्रीम कोर्टाची २०१८ ची पद्धत, २०२३ मध्ये सुटसुटीत केलेली. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ, मग दुय्यम मंडळ, दोन्हींचं मत शक्यतो ४८ तासांत, घरच्यांची संमती आणि मॅजिस्ट्रेटना कळवणं. "सिस्टर, ट्यूब काढून टाका" एवढ्यावर कुणी हात लावायचा नाही.

आणि बोर्डावर 'एथिक्स कमिटी' लिहिलेलं दिसलं म्हणून तिकडे धावू नका, ती बहुधा औषधांच्या चाचण्यांसाठी असते.

स्टाफ_ट्रेनिंग:
मुलींचं राहिलंच. काय योग्य तेच कळत नाही, ती द्विधा. कळतं पण करू दिलं जात नाही, तो मॉरल डिस्ट्रेस. तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये हा फरक मांडला. मॉरल डिस्ट्रेसला समुपदेशनाचं लेक्चर पुरत नाही, अडथळा काढावा लागतो. कोडनंतर (सीपीआरची धावपळ संपल्यावर) त्याच शिफ्टमध्ये दहा मिनिटं, स्टेशनवर नाही, चेंजिंग रूममध्ये बसा. "चूक कुणाची" नको, "काय खटकलं" विचारा. ० ते १० मध्ये किती त्रास झाला ते चिठ्ठीवर, बिननावाने. एकाच बेडवर आकडे चढत गेले तर त्या केसची बैठक लावा. बेड बदलून देताना मात्र आधी त्या मुलीला विचारा. न विचारता बदललं की शिक्षा वाटते.

आयसीयू_परिसेविका:
फॉर्म छापायला एमएसची (वैद्यकीय अधीक्षकांची) मंजुरी लागेल, वेळ जाईल.

रात्रपाळी:
तोवर वहीत पट्टीने रकाना आखा. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.