शब्दचर्चा: ‘ब्रेन डेड’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

इंटर्नशिप चालू आहे माझी. मागे आयसीयूत बाइकवरून पडलेला एक मुलगा होता, साधारण माझ्याच वयाचा. त्याच्या दादाने मला पॅसेजमध्ये गाठून विचारलं, ताई कसाय तो, आणि मी बोलून गेले, ‘ब्रेन डेड आहे’. तो म्हणाला, ‘म्हणजे शुद्धीवर यायला किती दिवस लागतील?’ मला उत्तरच देता येईना. साडेचार वर्षं शिकून एक धड मराठी शब्द नाही माझ्याकडे. पेपरात ‘मेंदूमृत’ येतं, फॉर्मवर ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद १
शब्दाआधी संकल्पनाच कच्ची असते मुलांची, मी अ‍ॅनाटॉमी शिकवतो म्हणून सांगतो. पहिल्या वर्षाला विचारलं अवयवदान म्हणजे काय, की निम्मा वर्ग देहदानाचं उत्तर देतो, कारण त्यांनी पाहिलेलं दान म्हणजे टेबलावरचा देह, ज्याला पहिल्या दिवशी हात जोडलेत. देहदान नैसर्गिक मृत्यूनंतर, शिक्षणासाठी. मृत्यूनंतर किडनी, लिव्हर, हृदय द्यायचं तर मात्र ते सहसा मेंदू मेल्यावर आणि रक्ताभिसरण चालू असतानाच काढावं लागतं. नेत्रदान घरी वारलेल्या माणसाचंही होतं, सहा तासांच्या आत, आणि नेत्रदानानंतर देहदान चालतं, पण बाकीचे अवयव काढले असतील तर कॉलेजं सहसा देह घेत नाहीत. हे तिन्ही शब्द वेगवेगळे ठेवा प्लीज, नातेवाईक ऐनवेळी गोंधळतात.

प्रतिसाद २
मी आयसीयूत सिस्टर आहे. ‘मेंदूमृत’ ऐकलं की लोकांना वाटतं फक्त मेंदू गेलाय, माणूस आहे अजून. त्यात आपणच म्हणतो ‘मशीनवर जिवंत ठेवलंय’. हे वाक्य बंद करा आधी!! हृदयाचे ठोके त्याच्या स्वतःच्या, हृदयातल्याच नैसर्गिक पेसमेकरवर पडतात, ऑक्सिजन मिळतोय तोवर पडत राहतात, मेंदूने सांगावं लागत नाही. श्वासाला मात्र मेंदू लागतो. अ‍ॅप्निया टेस्ट (पेशंट स्वतः श्वास घेतो का ते बघायची तपासणी) एकदा उभं राहून बघा, व्हेंटिलेटर सुटा करतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू, रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो आणि सगळ्यांचे डोळे त्या छातीवर, आठ-दहा मिनिटं, छाती जरासुद्धा हलत नाही. कोमातला पेशंट बरेचदा स्वतः श्वास घेतो, खोकतो. चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या, आणि ट्रान्सप्लांटच्या टीमचं त्यात कोणी नसतं, हेही सांगा घरच्यांना, अर्धा संशय तिथेच जातो.

प्रतिसाद ३
‘स्तंभ’वर माझा आक्षेप आहे. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ‘ब्रेन-स्टेम डेथ’ आहे त्याचं हे शब्दशः मराठी, पण स्तंभ म्हटलं की खांब आठवतो नाहीतर माणूस स्तंभित होतो ते. स्टेमला आपल्याकडे देठ आहे की! मेंदूचा देठ. श्वासाचं केंद्र तिथेच, आणि देठापासून तुटलेलं परत जोडत नाही हे आमच्या आजीलाही सांगावं लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती
देठ फारच आवडला. सिस्टर, तुमचं वाचून लक्षात आलं की मी ‘आहे’ म्हणाले तिथेच चुकले. ‘ब्रेन डेड आहे’ हे ‘अ‍ॅडमिट आहे’सारखं ऐकू येतं. ‘मेंदूच्या देठाचं काम कायमचं थांबलंय, तो गेला’ असं म्हणायला हवं होतं, आणि मग गप्प बसायला हवं होतं, दानाचा विषय त्याच दमात काढायचा नाही.

अजून एक. आमच्या बॅचमध्ये अवयवदानाला विरोध कोणाचाच नाही, पोस्टर स्पर्धेत सगळे पुढे. पण शपथेचा ७ नंबरचा फॉर्म भरलाय का विचारलं तर शांतता, मीपण त्यातच. काल भरला. आईला फोन करून सांगितलं, कारण शेवटी संमती घरच्यांचीच लागते. ती म्हणाली ‘असलं अभद्र बोलू नको गं’. तिच्याशी बोलायला अजून शब्द हवेत, सुचवा.

प्रतिसाद २
आईला आधी नेत्रदानाचं विचार. त्याला सहसा कोणी अभद्र म्हणत नाही.