होतकरू मुलांना मदत करताना श्रमाची अट असावी का?

खजिनदार (धागाकर्ता)
आम्ही अकरा जण, सगळे नोकरदार. पुण्यात दोन फ्लॅट भाड्याने घेऊन बीड, धाराशिव, नांदेडकडच्या चौदा मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय करतो. नाव नाही, फलक नाही, दर महिन्याला वर्गणी काढायची आणि भाडं भरायचं. सहा वर्षं झाली, बरं चाललंय.

आता वाद असा पडलाय. आमच्यातल्या एकाने सुचवलं की प्रत्येक मुलाने रोज दोन तास काम करावं. भाजी चिरणं, जिने झाडणं, आणि रविवारी आमच्याच सोसायटीतल्या गाड्या धुणं. गाड्यांचे पैसे मेसच्या खात्यात जमा होतील. मी बाजूने मत दिलं. गेल्या वर्षी एक मुलगा महिनोन्महिने लेक्चरला गेला नाही, ताटात अर्धी भाजी टाकायचा, आणि विचारलं तर "तुम्ही काय खिशातून देताय का?" म्हणाला. (खिशातूनच देतो, बाबा.) आमच्यात सहा विरुद्ध पाच अशी फूट आहे. रविवारी बैठक आहे, तोवर मतं हवीत.

माणदेशी
यात वाद कसला? आमचे आजोबा चाळीसच्या दशकात साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकले. पाणी शेंदलं, लाकडं फोडली, शेतात राबले, आणि पुढे हेडमास्तर झाले. भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा देणगीदारांची रांग लागलेली नव्हती. बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. 'स्वावलंबी शिक्षण' हे रयतचं ब्रीद तिथून आलंय. कष्ट करून शिकलेला पोरगा कुणाचा मिंधा राहत नाही. तुमचा तो भाजी टाकणारा पठ्ठ्या साताऱ्यात आठवडा टिकला नसता.

सुईदोरा
माणदेशी, आजोबांना नमस्कार. पण त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत आणि एकाच विहिरीचं पाणी शेंदत. ज्याच्या हाताला घरी काम लागू दिलं नसतं त्यालाही तिथे झाडू धरावा लागे. तिथल्या श्रमाचा अर्थ तो होता. इथे चौदा पोरं राबणार आणि अकरा जण खिडकीतून बघणार. वर धुणार त्याच अकरांच्या गाड्या!

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या झोपायचा. रात्री पेट्रोल पंपावर असायचा. दोन विषय राहिले, वर्ष गेलं. दोन तास म्हणजे किरकोळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी सबमिशनच्या आठवड्यात रोज दोन तास काढून दाखवावेत. आणि खजिनदारसाहेब, तुमच्या घरच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाने ताटात भाजी टाकली तर त्याला गाड्या धुवायला लावता का?

पेठकर
फुकटाची किंमत नसते. आम्ही स्कॉलरशिपविना शिकलो. असो.

अनवाणी
पेठकर, राहायला घर पेठेत होतं ना?

मी अशाच मदतीवर शिकलो म्हणून जरा लांबण लावतो. पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या 'कमवा व शिका'त बागेत होतो. पाइप ओढायचा, पालापाचोळा गोळा करायचा. वाईट काही नव्हतं, पण वर्गातल्या मुली गेटमधून आत आल्या की मी झाडाआड जायचो. आज हसू येतं. तेव्हा नव्हतं येत. दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात बदली झाली आणि सगळं पालटलं. पुस्तकं जागेवर लावता लावता अर्धी चाळून व्हायची, तिथल्या काकांनी परीक्षेच्या आधी पंधरा दिवस 'तू बस आणि वाच, हजेरी मी बघतो' म्हटलं. तास तेवढेच, पैसे तेवढेच.

तेव्हा श्रमाची अट असावी की नसावी हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. कुठलं काम, ते कोण ठरवणार, आणि परीक्षेत सुट्टी आहे का, हे विचारा. बाय द वे, मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर एका मंडळाने स्टेजवर बोलावून वह्यांचा गठ्ठा देताना काढलेला फोटो. त्यापुढे पाइप ओढणं परवडलं.

वेल्डर
पाबळला जाऊन या. शिरूर तालुका, दुष्काळी गाव. डॉ. कलबाग कंपनीतलं संशोधन सोडून 1983 साली तिथे गेले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरं वर्षभर तिथे राहून वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरं सगळं शिकतात, आणि शिकता शिकता गावाची खरी कामं करतात. तिथे काम हीच शाळा. गाडी धुऊन पोरगा काय शिकणार? गाडी धुणं. त्याला तुमच्या सोसायटीच्या पंपाची मोटर उघडायला द्या, पैसेही वाचतील.

माणदेशी
वेल्डर, उदाहरण चांगलं आहे, पण खजिनदारांची पोरं डिग्री करतायत, आयटीआय नाही. आणि सुईदोराताई, तुम्ही श्रमाला शिक्षा समजता. आमच्याकडे शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून शेरडं सोडायला जातं, त्याला कुणी बिचारा म्हणत नाही.

सुईदोरा
शिक्षा नाही समजत, काका. ज्या पोराने बारावीपर्यंत शेरडं राखली त्याला श्रमाचे संस्कार आपण द्यायचे, हे मात्र मला हास्यास्पद वाटतं. मदत देणारा अट घालतो तेव्हा घेणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, एवढंच म्हणणं आहे. सरकारच्या स्वाधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या खात्यात राहण्याजेवणाचे पैसे जमा होतात. तिथे अट आहे हजेरीची आणि गुणांची. झाडू कुणी हातात देत नाही. तुम्हीही हजेरी बघा की.

अजून एक. चौदाही मुलगेच का?

खजिनदार
मुलींची जबाबदारी कोण घेणार, म्हणून. रेक्टर ठेवायला पैसे नाहीत.

सुईदोरा
2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. पण खोलीचं भाडं आणि मेस त्यात येत नाही. म्हणजे प्रवेश फुकट आणि राहायला जागा नाही म्हणून पोर घरी. तुमच्या अकरा जणांची खरी गरज तिथे आहे, आणि तुम्ही गाड्यांवर अडलात.

अनवाणी
+1. माझी बहीण याच कारणाने तालुक्याच्या कॉलेजात राहिली. आमच्यातली हुशार ती.

खजिनदार
दोन दिवस सगळं वाचतोय. गाड्यांचा मुद्दा मी स्वतःच मागे घेतो. सुईदोराताईंचा तो घरच्या मुलाचा प्रश्न आमच्या हिने मागून वाचला आणि अजून हसतेय. वेल्डर म्हणतात तसं मोटर, वायरिंग हे ज्याला हौस आहे त्याला देऊ, पैसे त्याच्या हातात. हजेरी दर महिन्याला बघू. ताट ज्याचं त्याने घासायचं आणि भाजी चिरायची पाळी राहील, याबाबत मात्र मी हटणार नाही. पाळी चौदांची लावायची की आम्हा अकरांसकट पंचविसांची, हे रविवारी मांडतो. मुलींच्या खोलीचा हिशोबही नेतोय, डिपॉझिटलाच घोडं अडेल असं दिसतंय.

माणदेशी
पंचविसांची लावा. आणि पेठकरांना पोळ्या लाटायला बोलवा.

पेठकर
मला येतात लाटता. गोल येत नाहीत.