ट्यूडर कादंबरीत प्रेम हवंच कशाला?

गवतीचहा:
इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्री राजावरची आणखी एक जाडजूड कादंबरी काल संपवली. दोनशे पानं त्याच्या दुसऱ्या राणीचे, ॲन बोलिनचे, काळेभोर डोळे आणि खटला पंधरा पानांत गुंडाळलाय! अहो, २ मे १५३६ला राणीला अटक, १९ला शिरच्छेद, ३०ला राजा जेन सीमोरशी बोहल्यावर. एवढा ऐवज हाताशी असताना चांदण्यातल्या भेटी कशाला घुसडायच्या?

रातराणी:
चांदणं लेखिकेचं असेल, पत्रं खरी आहेत. हेन्रीची १७ प्रेमपत्रं आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. एकात, काल रात्री स्वतः मारलेलं हरीण पाठवतोय, खाताना शिकाऱ्याची आठवण काढ, असं लिहिलंय. दुसऱ्यात सहीत बदाम काढून आत तिची आद्याक्षरं. दहावीतला पोरगा वहीत वेगळं काय करतो?

कोर्टकचेरी:
त्या पोराला पहिलं लग्न मोडायला पोपची परवानगी लागत नाही, एवढंच. पहिल्या राणीशी १५०९ला लग्न, जगलेली एकच मुलगी, गादीला मुलगा वारस नाही. बदामामागे ही चिंता होती. आणि ॲनचं एकही उत्तर उरलेलं नाही, म्हणजे प्रेमकथेची अर्धी बाजू लेखकाच्या मनची.

रातराणी:
म्हणून तर कादंबरी हवी! कागद गप्प बसतो तिथेच तिचं काम सुरू होतं. व्यभिचाराच्या आरोपात ॲनबरोबर पाच पुरुष गोवले, त्यांत तिचा सख्खा भाऊ आणि मार्क स्मीटन नावाचा वादक. आधीचा जीव लावणं दाखवलंच नाही, तर हा खटला निव्वळ तारखांची यादी उरतो.

गवतीचहा:
जीव लावणं दाखवा की, पण डाव कोणाचा तेही दाखवा. राजाचा मंत्री क्रॉमवेल, त्याने पवित्र रोमन सम्राटाच्या राजदूताला, शापुईला, स्वतः सांगितलं की हा बेत आपण रचला. 'ध'चा 'मा' करणारा कबुली देतोय आणि आमचे कादंबरीकार मत्सरी दासी शोधत बसलेत!

कोर्टकचेरी:
दरबारी माणसाच्या कबुलीवर एवढा विश्वास? फुशारकी असेल, नाहीतर धन्यावर पांघरूण. त्यात शापुई ॲनला राणी म्हणायलाही तयार नव्हता, 'रखेल' लिहायचा. क्रॉमवेलचं पुढे काय झालं बघा: २८ जुलै १५४०ला मुंडकं उडालं आणि त्याच दिवशी राजाचं पाचवं लग्न.

नवखा:
मध्येच बोलतो. हेन्रीच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या मोठ्या दालनात लाकडी कोरीवकामात एच आणि ए गुंफलेले दिसतात. ॲन गेल्यावर तिची अक्षरं काढून जेनची बसवली, त्यात एखाददुसरं नजरेतून सुटलं. मान दुखेस्तोवर बघत उभा होतो.

रातराणी:
त्या सुतारावर कोणी कादंबरी लिहिली तर मी आधी वाचेन.

गवतीचहा:
मीही. फक्त त्याला दालनातल्या दासीच्या प्रेमात पाडू नका.