मदत हवी आहे: ट्रॅकच्या गाडीचा टर्बो निळा धूर मारतोय, जळगाव-धुळ्याकडे टर्बोचं काम नीट कोण करतं?

जळगावचा_जुगाडू
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून थेट सांगतो. आम्ही मित्रांनी मिळून ट्रॅकवर पळवायला गाडी बनवलीय, लोटस सेव्हनच्या धर्तीवर, दोन सीटची, वरून उघडी. टर्बो लावलाय. गाडी नुसती उभी चालू ठेवली तरी निळा धूर, इतका की शेडमागच्या काकू परवा विचारत होत्या नगरपालिकेची डासांची फवारणी आली का. टर्बोचं सील गेलं म्हणून कोअर (टर्बोचा मधला शाफ्ट-बेअरिंगचा भाग) बदलली, तरी तेच. आता कोअर बसवणारा चांगला माणूस पाहिजे, जळगाव, धुळे, भुसावळ कुठेही चालेल. नानोलीला ट्रॅक डे आहे, गाडी न्यायला पिकअपवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसलोय. लवकर सांगा.

पुणेरी_पिस्टन
इंजिन कोणतं? टर्बो कोणत्या गाडीचा? बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) किती? ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कोणता? "टर्बो लावलाय" एवढ्यावर इथे कोणी ज्योतिषी नाही.

अमळनेरकर
भो, पहिले सांग इंजिन कोनतं शे. तुले वाटस आम्हले सपनमा दिसस का?

जळगावचा_जुगाडू
जिप्सीचं इंजिन, १३०० सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय. टर्बो स्विफ्ट डिझेलचा. बूस्ट ०.४ बार. पण माझा प्रश्न इंजिनचा नाहीये, टर्बोवाला कोण आहे तेवढं सांगा ना.

केळीवाला_रावेर
भाऊ एक नंबर!! फोटो टाका. आमच्याकडे पण एक जिप्सी पडून आहे मळ्यात. चेसिस कोणत्या पाईपचं केलं? आणि जिप्सी तर फोर बाय फोर, मग ती ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) कुठे बसवली? सेव्हनच्या बोगद्यात मावते का ती?

जळगावचा_जुगाडू
@केळीवाला चौकोनी पाईप, २५ बाय २५, १.६ एमएम. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मधे छोटा शाफ्ट असतो, म्हणून ती पूर्ण काढून टाकली आणि गिअरबॉक्सपासून थेट मागच्या हाउसिंगपर्यंत प्रोपेलर शाफ्ट बनवून घेतला, बॅलन्सिंगसह. मागचा ॲक्सल जिप्सीचाच. फोटो नंतर टाकतो, आधी धूर.

सीसी_ला_पर्याय_नाही
टर्बो काढून फेका. २ लिटरचं इंजिन बसवा. छोट्या इंजिनाला फुंकर मारून मोठं करायची हौस मला कधीच कळली नाही. ५००-६०० किलोच्या गाडीला जिप्सीचे ८० घोडे तसेही पुष्कळ आहेत, कोपऱ्यावर शिकायचं असेल तर टर्बोशिवाय शिका.

जळगावचा_जुगाडू
दादा विचारलंय काय आणि सांगताय काय.

भुसावळ_जंक्शन
मी रेल्वेतून रिटायर झालो, इटारसीच्या डिझेल शेडला बरीच वर्षं काढली. आमची डब्ल्यूडीएम-२ म्हणजे १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, आणि टर्बो माणसाला मिठीत मावणार नाही असा. इंजिन बंद केल्यावर टर्बो किती वेळ फिरत राहतो ते घड्याळ लावून मोजायचो आम्ही, लवकर थांबला की समजायचं बेअरिंगला काहीतरी झालं. पळवून आल्यावर लगेच बंद करता का तुम्ही? डिझेलच्या टर्बोला पेट्रोलचा एक्झॉस्ट म्हणजे जास्त ताप, आणि स्विफ्टच्या त्या छोट्या टर्बोला पाण्याचं कूलिंग नाही, फक्त तेलावर थंड होतो. लगेच बंद केलं की आतलं तेल जळून कार्बन धरतं. त्यात आपल्याकडचा मे महिना.

पुणेरी_पिस्टन
काकांचा मुद्दा बरोबर आहे पण कोकिंगने (असं तेल जळून कार्बन धरल्याने) नवीन कोअर पहिल्याच दिवशी धूर मारणार नाही. दोन्ही कोअर सारखाच धूर मारतात म्हणजे दोष कोअरमध्ये नाहीच. जुगाडू, धूर कधी जास्त येतो? आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना), ॲक्सिलरेटर सोडल्यावर, की बूस्टमध्ये?

जळगावचा_जुगाडू
आयडलला जास्त. गरम झाल्यावर अजून जास्त. रेस दिली की कमी होतो. पण दोन्ही कोअर एकाच दुकानातून घेतल्या, दुकानदाराने खराबच माल दिला असेल तर?

चोपडा_फिटर
ट्रॅक्टर, बोअरच्या गाड्या, टर्बो रोज खोलतो म्हणून विचारतो. टर्बोतून खाली येणारा तेलाचा रिटर्न पाईप कुठे जोडलाय?

जळगावचा_जुगाडू
चेंबरलाच (इंजिनच्या खालच्या तेलाच्या टाकीला) जोडलाय, अजून कुठे जोडणार.

चोपडा_फिटर
चेंबरला कुठे? वर का खाली? पाईपची आतली साईज किती? उतार आहे का?

जळगावचा_जुगाडू
चेंबरच्या नटाच्या जागी. जिथून ऑईल सोडतात तिथे युनियन बसवून घेतलं लेथवाल्याकडून, मस्त बसलंय, थेंबभर गळत नाही. चेंबरला वेल्डिंग करायला नको म्हणून. बॉनेट खाली आहे त्यामुळे टर्बो पण खालीच घ्यावा लागला.

अमळनेरकर
🤦

चोपडा_फिटर
सापडलं. भाऊ, टर्बोवाला शोधू नका, वेल्डिंगवाला शोधा.
टर्बोत तुम्ही समजता तसं रबराचं सील नसतं. शाफ्टवर पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी रिंग असते, बस. एवढासा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तिथे रबर टिकेल का? तेल आत धरून ठेवायचं काम त्या रिंगेपेक्षा दोन्ही बाजूच्या हवेचा दाब जास्त करतो. तेल इंजिनच्या प्रेशरने वरून आत येतं, पण बाहेर जाताना प्रेशर नाही, फेस होऊन नुसत्या वजनाने खाली पडतं. म्हणून रिटर्न पाईप जाड लागतो, सरळ उतार लागतो, आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडावा लागतो. तुमचा पाईप तेलात बुडालाय, म्हणजे आत जायच्या आधी त्याला चेंबरमधल्या तेलाला ढकलावं लागतं. ते कसं जाणार? कोअर तुडुंब भरते आणि तेल टर्बाईनच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) बाजूने सायलेन्सरमध्ये. रेस दिली की टर्बाईनच्या बाजूला दाब वाढतो, तेल मागे दाबलं जातं, म्हणून तेव्हा धूर कमी. आयडलला दाब नाही, म्हणून जास्त. दुकानदाराला शिव्या देऊ नका, त्याची कोअर चांगली आहे.

नाशिक_गॅरेज
एवढं वेल्डिंग वगैरे कशाला, तेलाच्या फीडमध्ये १ एमएमचा रिस्ट्रिक्टर टाका. आत तेलच कमी गेलं तर धूर कुठून येईल. मी स्वतः केलंय.

पुणेरी_पिस्टन
हे चुकीचं आहे. रिस्ट्रिक्टर बॉल बेअरिंगच्या टर्बोला लागतो. हा साध्या बुशचा टर्बो आहे, तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. त्याचं तेल कमी केलंत तर धूर थांबेल आणि पाठोपाठ टर्बो पण.

नाशिक_गॅरेज
माझ्या गाडीत दोन वर्षं झाली काही झालं नाही.

पुणेरी_पिस्टन
तुमची कोणती गाडी, कोणता टर्बो?

नाशिक_गॅरेज
ते महत्त्वाचं नाही, प्रिन्सिपल महत्त्वाचं आहे.

हेडकव्हर
रिटर्नचं ठीक आहे पण मला ब्रीदरचा (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेचा) संशय येतोय. हेड कव्हरवरून इनटेक मॅनिफोल्डला जो पीसीव्ही व्हॉल्व्ह जातो तो तसाच ठेवलाय का? साध्या इंजिनात तिथे बहुतेक वेळ व्हॅक्यूम असतो म्हणून तो इंजिनमधली वाफ ओढून घेतो. तुम्ही तिथे बूस्ट भरताय. व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात), मग टर्बोचं तेल चेंबरमध्ये उतरणार कसं, खालून हवा वर दाबतेय ना. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बाहेर येते का?

जळगावचा_जुगाडू
हो ती येते, रबर बँडने बांधून ठेवलीय.

हेडकव्हर
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायला काय झालं होतं?

जळगावचा_जुगाडू
त्याचा टर्बोशी काय संबंध असेल असं वाटलं नाही. सगळ्या जुन्या जिप्सींची डिपस्टिक ढिलीच असते.

अमळनेरकर
रबर बँड 😂😂 भो तू ग्रेट शे

चोपडा_फिटर
@हेडकव्हर ब्रीदर दुसरा मुद्दा. आयडलला बूस्ट नसतो, तेव्हाच धूर जास्त येतोय. म्हणजे पहिला गुन्हेगार रिटर्नच.

हेडकव्हर
मी कुठे म्हटलं रिटर्न बरोबर आहे. दोन्ही असू शकतं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असल्या तरी क्रँककेस भरते. कॉम्प्रेशन तपासलं का? चारही सिलिंडरचे आकडे टाका.

जळगावचा_जुगाडू
१७०, १७५, १७०, १७५. इंजिन ठणठणीत आहे, उघडून रिंगा नव्या टाकल्यात.

हेडकव्हर
मग खर्च न करता हे करून पाहा. पीसीव्ही काढा, मॅनिफोल्डचं भोक बंद करा, हेड कव्हरचा पाईप एका डब्यात सोडा, डब्याला वरून मोकळा श्वास ठेवा. रबर बँड काढा. एक चक्कर मारून या. डिपस्टिक जागेवर राहिली तर माझं खरं, आयडलचा धूर तसाच राहिला तर चोपडेकरांचंही खरं.

आरटीओ_सल्ला
आपण सर्वजण एक गोष्ट विसरत आहात. मोटार वाहन कायदा १९८८ कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. अशी गाडी रस्त्यावर आणल्यास कारवाई होऊ शकते. विमाही मिळणार नाही.

जळगावचा_जुगाडू
अहो म्हणूनच पिकअपवर टाकून नेतोय. हायवेला चक्कर मारायची असती तर पिकअप कशाला.

केळीवाला_रावेर
चक्कर मारून या म्हणे, पण कुठे मारणार? आमच्या इकडे या, सावद्याच्या पुढे मळ्याचा खाजगी रस्ता आहे, कोणी नसतं. येताना सांगा, भरीत करून ठेवतो. वांगी आत्ता तेवढी चांगली नाहीत पण चालेल.

सीसी_ला_पर्याय_नाही
भरीताला वांगी बामणोदचीच हवीत. एवढं एक सोडलं तर या धाग्यात काम करण्यासारखं काही नाही.

भुसावळ_जंक्शन
बामणोदचं वांगं म्हणजे विषयच संपला. तुरीच्या काड्यांवर भाजायचं, गॅसवर नाही.

पुणेरी_पिस्टन
मंडळी, टर्बो.

जळगावचा_जुगाडू
अपडेट. पीसीव्ही बंद केला, ब्रीदर डब्यात सोडला. डिपस्टिक जागेवर राहिली. बूस्टमध्ये जो थोडा धूर यायचा तो बंद. आयडलचा मात्र तसाच.
मग चेंबर खाली उतरवला. आतून बघितलं तर तेलाची फुल पातळी बाजूच्या भिंतीवर डागाने दिसत होती, त्याच्या वर दोन बोटं जागा आहे, तिथे भोक पाडून जाड बुश वेल्ड करून घेतला, आणि रिटर्नला आधीच्या १० एमएमऐवजी १६ एमएमचा पाईप टाकला. टर्बोला खालून एक वॉशर-प्लेट देऊन जेमतेम उतार मिळाला. चालू केली, पंधरा मिनिटं आयडलवर ठेवली, पाठीमागे पांढरा रुमाल धरला, काही नाही. सायलेन्सरमधलं आधीचं तेल जळायचं होतं तेवढंच जळालं.
चोपडा_फिटर आणि हेडकव्हर दोघांना भुसावळच्या काकांकडून भरीत. आता पिकअप पक्का.

अमळनेरकर
धूर गया!!! 🎉

पुणेरी_पिस्टन
थांबा. माझ्या पहिल्या पोस्टमधल्या एका प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. ईसीयू कोणता?

जळगावचा_जुगाडू
जिप्सीचाच ओरिजिनल. मस्त चालतेय की.

पुणेरी_पिस्टन
मग ट्रॅकवर नेऊ नका. ओरिजिनल मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) साध्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो, साधारण १ बार. तुम्ही वर ०.४ टाकताय ते त्याला दिसतच नाही. त्याला वाटतं फुल थ्रॉटलची साधी जिप्सी आहे, तेवढंच पेट्रोल देतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, त्यात कम्प्रेशन रेशो ९ च्या आसपास, जळगावचा उकाडा आणि इंटरकूलर आहे का तेही तुम्ही सांगितलेलं नाही. नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) होऊन पिस्टनच्या रिंगांमधला काठ तुटतो. मळ्यातल्या छोट्या चकरेत कळणार नाही, ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कळेल. निळा धूर तेव्हा परत येईल आणि मग वेल्डिंगने जाणार नाही.

नाशिक_गॅरेज
काही गरज नाही ईसीयूची. बूस्टबरोबर फ्युएल प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर टाका, झालं काम. मी स्वतः

पुणेरी_पिस्टन
हो, तुम्ही स्वतः केलंय, कळलं. ०.४ ला तो चालूही शकेल पण वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू नये. जुगाडू, स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट (आपण स्वतः सेट करता येणारे ईसीयू) बघा, २.५ बारचा मॅप सेन्सर, आणि वाइडबँड. बूस्टमध्ये लॅम्डा (१ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८ च्या आसपास ठेवा. एएफआरच्या (हवा भागिले पेट्रोल) आकड्यावर जाऊ नका, आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्याचा हिशोब १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास येतो, नवीन माणूस तिथे हमखास गोंधळतो. आणि टाकीत ९५ ऑक्टेन भरा.

जळगावचा_जुगाडू
इंटरकूलर आहे. पण आता ईसीयू कुठून आणू, रविवार आला.

हेडकव्हर
वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) होज काढून थेट कॉम्प्रेसरला जोडली की बूस्ट कमीत कमी राहतो ना? की ०.४ म्हणजेच कमीत कमी?

जळगावचा_जुगाडू
०.४ हाच वेस्टगेटच्या स्प्रिंगचा.

चोपडा_फिटर
मग रविवारी टर्बोच्या आउटलेटचा पाईप काढून ठेवा आणि इंजिनला साधा फिल्टर लावून पळवा. टर्बो रिकामा फिरत राहील, त्याच्या हवेच्या तोंडालाही फिल्टर ठेवा, तेलाची फीड चालू ठेवा. ८० घोडे मिळतील, एक्झॉस्ट अडल्यामुळे थोडे कमीच. ब्रेक, सस्पेन्शन सगळं तपासून होईल. बूस्ट पुढच्या वेळी.

सीसी_ला_पर्याय_नाही
मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलं होतं टर्बोशिवाय पळवा.

जळगावचा_जुगाडू
ठीक. टर्बोशिवायच नेतो. स्पीडुइनो वायरिंगचं काम खान्देशात कोण करतं ते सांगा, वेगळा धागा काढू का?

सुरती_अल्टो
इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो, माझ्या अल्टो ८०० ला कोणतं ऑईल टाकू? पाच हजार किलोमीटर झाले.

पुणेरी_पिस्टन
कोणत्या वर्षाची अल्टो?