थ्री ऑफ स्वॉर्ड्स आलं म्हणजे 'तिसरी व्यक्ती' आहे, असं सांगणं योग्य आहे का?

पाऊसपाणी (धागा सुरू करणारी)

गेली अकरा वर्षं मी टॅरो वाचते, म्हणजे अठ्ठ्याहत्तर चित्रांच्या पत्त्यांवरून लोकांच्या प्रश्नांबद्दल बोलते. बऱ्याच दिवसांपासून मनात साचलेलं आज लिहिते आहे.

माझी एक मैत्रीण एका रीडरकडे गेली होती. प्रश्न एकच, "नवरा माझ्यापासून काही लपवतोय का?" एकच कार्ड काढलं आणि थ्री ऑफ स्वॉर्ड्स आलं. लाल हृदय, त्यात आरपार गेलेल्या तीन तलवारी, मागे करडे ढग आणि पाऊस. रीडर म्हणाल्या, "तीन तलवारी. तिसरी व्यक्ती आहे." वाचन तिथेच संपलं. याला दोन वर्षं झाली. तशी कोणी व्यक्ती आजवर समोर आली नाही. पण नसलेली गोष्ट नाही हे सिद्ध तरी कसं करणार? ती अजूनही रात्री उठून त्याचा फोन बघते.

माझं म्हणणं असं की हे वाचन चुकीचं होतं, आणि ती चूक फक्त त्या एका रीडरची नाही. 'तीन म्हणजे तिसरा माणूस' हा अर्थ इतका रुळलाय की नवीन शिकणारे तो पाठच करतात.

आधी चित्र नीट बघा. त्यात एकही माणूस नाही. चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ साली गूढविद्येचे लेखक आर्थर वेट यांच्यासाठी जो डेक (पत्त्यांचा संच) काढला, त्यात मायनर आर्कानाच्या, म्हणजे चार सूट्सच्या छप्पन्न पानांपैकी जवळजवळ प्रत्येक पानावर कोणी ना कोणी आहे. इथे फक्त हृदय आहे, आणि ते समोर बसलेल्या विचारणाऱ्याचं आहे. नवऱ्याबद्दल ते काही सांगत नाही.

आता आकडा. तीनचा अर्थ तिसरा माणूस असेल तर तो चारही सूट्समध्ये, म्हणजे वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वॉर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) यांत लागू व्हायला हवा. थ्री ऑफ पेंटॅकल्समध्ये खरोखरच तीन माणसं आहेत, एक कारागीर आणि त्याच्याशी बोलणारे दोघं. ते पान आपण मिळून केलेलं काम म्हणून वाचतो. थ्री ऑफ वाँड्समध्ये एकटा माणूस पाठमोरा उभा राहून जहाजं बघतोय. तिथे कोणाला प्रेमप्रकरण दिसत नाही. मग फक्त तलवारींच्या बाबतीतच हा नियम कुठून आला?

आणि तलवारी म्हणजे विचार, शब्द, कळणं. हृदय हा खरं तर कप्सचा प्रांत. या पानावर शब्दांनी हृदय गाठलंय. मी त्याच्या मागचं आणि पुढचं पान शेजारी ठेवून बघते. टू ऑफ स्वॉर्ड्समधल्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, तिला अजून बघायचं नाही. फोरमध्ये एक योद्धा हात जोडून निश्चल पडलाय. मधलं पान म्हणजे पट्टी निघाल्याचा क्षण. जे कळलं ते लागलं. काय कळलं, हे कार्ड सांगत नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागतं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

जुनी_वाट

मैत्रिणीबद्दल वाईट वाटलं. पण मुद्दा पटला नाही.

तुमचा डेक ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या वेट यांनीच या पानाचे अर्थ लिहून ठेवलेत. दूर जाणं, अनुपस्थिती, विलंब, फाटाफूट, ताटातूट. पुढे जादा अर्थांच्या यादीत तर बाईसाठी 'प्रियकराचं निघून जाणं' असं सरळ दिलंय. म्हणजे नात्याच्या प्रश्नात हे पान आलं तर तुटण्याबद्दल बोलणं ही परंपराच आहे. ती रीडर हवेतलं काही बोलली नाही.

दुसरं, अलीकडे सगळी कठीण पानं मऊ करायची पद्धत पडली आहे. डेथ आलं की 'नवी सुरुवात'. टॉवर आला की 'मुक्ती'. थ्री ऑफ स्वॉर्ड्स आलं की 'हीलिंग'. विचारणारा धीर एकवटून येतो आणि आपण त्याच्या हातात गुळगुळीत दगड ठेवतो. प्रत्येक पानाला स्वतःचा एक पक्का अर्थ असतो. तो नसेल तर अठ्ठ्याहत्तर पानं कशाला हवीत? कोरा कागद समोर ठेवा आणि विचारा, "काय दिसतंय?"

मी स्वतः तीन-चार वेळा हे पान पाहून 'तिसरी व्यक्ती' म्हटलंय, आणि त्यातल्या दोघींनी नंतर येऊन सांगितलं की खरं निघालं.

तर्कसंगत

मी टॅरो मानत नाही, पण चर्चा प्रामाणिक आहे म्हणून लिहितो. जुनी_वाट, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच थांबू या.

'तिसरी व्यक्ती' असं कोणकोणत्या पानांवर सांगतात? मी रीडर्सना विचारून यादी केली. थ्री ऑफ स्वॉर्ड्स, थ्री ऑफ कप्स, सेव्हन ऑफ स्वॉर्ड्स, डेव्हिल, मून, आणि कधीकधी लव्हर्ससुद्धा. सहा पानं. ७८ पैकी ६, म्हणजे बरोबर तेरात एक. नवऱ्याबद्दल एकच कार्ड काढणाऱ्या दर तेरा बायकांपैकी सरासरी एकीला हे ऐकावं लागणार, तिच्या घरात काहीही घडत असो वा नसो. आणि हा प्रश्न विचारायला ज्या येतात त्यांच्या मनात संशय आधीपासूनच असतो, काहींचा खराही असतो. त्यामुळे काही वेळा जुळणारच. जिचं जुळलं ती परत येऊन सांगते. जिचं जुळलं नाही ती रात्री फोन तपासत बसते, तुमच्याकडे येत नाही. तुमच्या चारातल्या उरलेल्यांचं काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे का?

मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच मजकूर दिला होता, सगळ्यांना तोच. त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन तो आपल्याला लागू पडतो असं सांगितलं. एका पानावरून केलेलं मोघम वाचन असंच बसतं.

जुनी_वाट

उरलेल्यांचं मला माहीत नाही. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता, हे मान्य करते.

तीन_रेघा

मी मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकवर वाचतो, त्यामुळे ही चर्चा जरा बाहेरून बघतोय. माझ्या थ्री ऑफ स्वॉर्ड्समध्ये हृदयच नाही! दोन वाकड्या तलवारी एकमेकींत गुंफून मधे लांबट गोल झालाय, त्यात एक सरळ तलवार उभी आहे आणि बाजूला पानंफुलं. रक्त नाही, ढग नाही, पाऊस नाही.

ते हृदय आलं कुठून? पंधराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत सोला बुस्का नावाचा एक कोरीव डेक तयार झाला. त्या डेकच्या तीन तलवारींच्या पानावर असंच भोसकलेलं हृदय आहे. १९०७ साली त्याची छायाचित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आली आणि दोन वर्षांत स्मिथबाईंचा डेक निघाला. दोन्ही पानं शेजारी ठेवली की नातं लगेच दिसतं. आणि त्याआधी टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ होता. १४४० च्या सुमारास इटलीत सुरू झाला. त्यावरून भविष्य सांगणं फोफावलं ते थेट अठराव्या शतकात.

म्हणून 'या पानाचा पक्का अर्थ' असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या डेकमधल्या पानाचा? माझ्या पानात दोन वाकड्यांच्या मधे अडकलेली सरळ गोष्ट दिसते. कोंडी. फारतर दोन हट्टांच्या मधे सापडलेला एक निर्णय. त्यावरून कोणाच्या नवऱ्याचं प्रकरण काढायचं म्हटलं तरी निघणार नाही.

निळी_शाई

तीन_रेघा, 'दोघांमध्ये अडकलेला तिसरा' असंही कोणी वाचेलच की. ज्याला वाचायचंय तो कुठेही वाचतो.

तीन_रेघा

खरं आहे. वाचेल.

मोगरा

मी रीडर नाही. आई गेल्यानंतर रोज सकाळी एक कार्ड काढायचे, कोणीतरी डेक भेट दिला होता म्हणून. तेराव्या-चौदाव्या दिवशी हे पान आलं. तोवर मी रडले नव्हते. सगळ्यांना सांभाळत होते. ते पान हातात धरून मी खूप रडले. मला कोणी अर्थ सांगितला नाही, लागलाही नाही. त्या दिवशी कोणी 'तिसरी व्यक्ती' म्हटलं असतं तर मी डेक फेकून दिला असता.

पाऊसपाणी

मोगरा, हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. मी आज जे सांगायला बसले ते याहून नीट मला जमलं नसतं.

जुनी_वाट, तुमचा मऊ करण्याबद्दलचा मुद्दा मला लागला, कारण तो माझ्या बाबतीत खरा आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना मी याच पानावर "आता जखम भरून येईल" असं सांगितलं होतं. त्या गप्प झाल्या आणि निघून गेल्या. जखम किती खोल आहे ते ऐकून घ्यायच्या आधीच मी मलम काढलं होतं. पान दुखण्याचं आहे आणि ते दुखण्याचंच राहू द्यायला हवं, यात आपलं एकमत आहे.

पण वेट यांच्या यादीचं बघा. त्याच जादा अर्थांमध्ये हे पान उलटं आलं तर 'जोगीण' असाही अर्थ दिलाय, ख्रिस्ती मठातली. तुम्ही आजवर उलट्या थ्री ऑफ स्वॉर्ड्सवर कोणाला "तुमच्या आयुष्यात जोगीण आहे" असं सांगितलंय? नसेल सांगितलं. म्हणजे यादीतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आपणच ठरवतो. मग 'तिसरी व्यक्ती' सांगताना यादीच्या मागे लपता येत नाही, कारण ती तर यादीतसुद्धा नाही. प्रियकर निघून गेला असं तिथे आहे. कोणासाठी गेला, हे नाही.

तर्कसंगत, तुमचा तेरात एकचा हिशोब मी वहीत लिहून ठेवलाय. पानाला बाहेरच्या जगातली गुपितं कळतात असं मी मानत नाही. कुठलंही पान कोणालाही येऊ शकतं.

तर्कसंगत

मग पान हवंच कशाला? सरळ विचारा ना, "तुम्हाला काय दुखतंय?"

पाऊसपाणी

विचारते. बहुतेक जण म्हणतात, "काही नाही, सहज आले."

तेच चित्र समोर ठेवलं की माणूस चित्राबद्दल बोलायला लागतो आणि थोड्या वेळाने स्वतःबद्दल बोलत असतो. डोळ्यांत बघून जे बोलवत नाही ते खाली मान घालून, टेबलावरच्या कागदाकडे बघत बोलवतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की यात काही गूढ आहे असं मला वाटत नाही. आणि कोऱ्या कागदाने हे होत नाही, जुनी_वाट. ढग, पाऊस, तलवार, यातलं काहीतरी एक पकडायला लागतं.

कालच_शिकतेय

मी नवीन आहे. उद्या माझ्याकडे कोणी आलं, एकच कार्ड काढलं आणि हेच आलं, तर नेमकं करायचं काय?

पाऊसपाणी

माझी पद्धत सांगते, तुमची वेगळी असू शकते.

पत्ते पिसण्याआधीच प्रश्न बदलून घ्या. "तो लपवतोय का?" याचं "मला त्याच्याशी काय बोलायचं राहून गेलंय?" असं करता येतं का, ते दोघांनी मिळून बघा. एका कार्डाच्या वाचनात आजूबाजूला दुसरं पान नसतं, जागा ठरलेली नसते. सगळा भार प्रश्नावर असतो. प्रश्न वाकडा असला की सरळ पानही वाकडं वाचलं जातं.

पान उघडल्यावर आपण लगेच बोलायचं नाही. "आधी नजर कुठे गेली?" एवढंच विचारा. एक काका म्हणाले होते, पावसाकडे. "हे हृदय उघड्यावर आहे," म्हणाले, "याला आडोसा नाही." तलवारींबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्यानंतरचं सगळं बोलणं घरात एकटं पडल्याबद्दल झालं. दुसऱ्या एकीने तिन्ही तलवारींना नावं दिली होती, तिला बोलली गेलेली तीन वाक्यं. प्रत्येक वाक्य कोणी कधी म्हटलं ते तिला तारखेसकट आठवत होतं.

आणि समोर नसलेल्या माणसाने काय केलं, हे पानावरून कधीही सांगू नका.

जुनी_वाट

एवढं वाचून माझं मत थोडं हललंय, पण पूर्ण नाही. ताटातूट हा अर्थ मी सोडणार नाही. नात्याच्या प्रश्नावर हे पान आलं तर "इथे काहीतरी फाटलंय" असं मी स्पष्ट म्हणेन. 'तिसरी व्यक्ती' मात्र आता शक्यता म्हणूनच सांगेन.

पाऊसपाणी

"इथे काहीतरी फाटलंय" हे मीही म्हणेन, अगदी याच शब्दांत. पण 'शक्यता' म्हणूनही नको. माझ्या मैत्रिणीला कोणी "शक्यता आहे" असं म्हटलं असतं, तरी घरी जाताना तिच्या कानात तेच दोन शब्द घुमत राहिले असते.

जुनी_वाट

मग एकच विचारते. ती "तो लपवतोय का" एवढाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आली असती आणि प्रश्न बदलायला अजिबात तयार नसती, तर? तुम्ही नकार दिला असतात आणि ती दुसऱ्या दिवशी त्याच रीडरकडे गेली असती.

पाऊसपाणी

हो, गेली असती. हे मला टाळता आलं नसतं. तरीही तो प्रश्न मी घेतला नसता. फक्त तिला दारातून परत पाठवलं नसतं. डेक पेटीतच ठेवून तासभर तिच्यासोबत बसले असते.